एक्केचाळिसावा भाग

मोरबी, २१ सप्टेंबर

चोर म्हणू नको, ताई. दुसरं काहीही म्हण. नालायक म्हण, नववीतून पळालेला म्हण, ते तू आधीही म्हणायची आणि मी हसून ऐकून घ्यायचो. पण एकच शब्द पाठवायचा, 'चोर', आणि लगेच माझा नंबर बंद करून टाकायचा, ही कोणती रीत? फाशी देतात त्यालेही विचारतात, बाबा, काही बोलायचं आहे का.

फोन बंद करता येतो, पोस्टमन बंद करता येत नाही. म्हणून हे पत्र. कागद पॅकिंगच्या पावत्यांचे आहेत, मागची बाजू कोरी असते. चुका दिसतील. लाल पेन घेऊन बसू नको.

मी काय चोरलं? 'सातवं घर' मालिका मी बंद केली का? मार्चात त्यांनी एका शुक्रवारी गार्गीचा हात दाराच्या कडीवर ठेवला आणि सोमवारी त्या वेळेले तिथं दुसरीच मालिका. नोकरीसाठी घर सोडून निघालेली सून, बाहेर गेली की आत वळली, कोणी सांगितलंच नाही. तू म्हणाली, मालिकाच ती. पण गोजरआजी आपल्या ओट्यावर येऊन रोज मायले विचारायची, "भिमाबाई, थ्या पोरीचं काय झालं असंन वं? सासू तं लय खट व्हती." आणि माय मले फोनवर म्हणाली, "देवा, तुह्या कंपनीत कोणाले मालूम असंन तं इचार." कंपनीत! जशी काही गार्गी आमच्या टाइल्सच्या भट्टीतूनच निघणार होती.

मी कोणाले विचारलं नाही. मीच सांगायले बसलो.

गोष्टींचं एक ॲप असते. कोणीही लिहा, कोणीही वाचा. आमच्या खोलीतला एक ओडिया माणूस त्याच्या भाषेतलं त्यावर वाचायचा. त्यानं दाखवलं की बंद पडलेल्या मालिकांचं पुढचं लोकच लिहितात, कोणी अडवत नाही. माझं लिहिणं म्हणजे हातानं नाही. मोबाइलसमोर बोललं की तो लिहितो. जेवणाच्या सुट्टीत फुटक्या टाइल्सच्या ढिगामागं बसून मी बोलायचो, "गार्गीचा हात कडीवर थरथरला. पूर्णविराम. नवी ओळ." आपल्या शेजारच्या निमगावचा कचरूभाऊ माझ्याच लाइनीवर बॉक्स बांधतो. त्यानं एक दिवस गाठलंच.

"काऊन बे, हे गार्गी कोण व्हय?"

"कोणी नाई भाऊ."

"कोणी नाई कशी? रोज तिचा हात थरथरून राह्यला. लग्न झालेली हाय का?"

"हाव."

"सोड मंग नाद. मार खाशीन, आन् तुले दवाखान्यात नेता नेता माही हजरी बुडंन."

तेव्हापासून तो रोज विचारतो, "कशी हाय गार्गी? नवऱ्याले समजलं का?"

आता मंजुश्री, गोष्टीखाली मी टाकलेलं नाव. ते नाव आपल्या शाळेतून बदलून गेलेल्या मॅडमचं. 'देवानंद, टाइल पॅकिंग, मोरबी' एवढं खाली लिहिलं असतं तर पुण्याच्या सुनेची गोष्ट कोणी वाचली असती का? तू तरी वाचली असती? म्हणून मंजुश्री, पुणे. पुण्यात मी जन्मात एकदा गेलो, तेही स्टँडवर चार तास, संडाससाठी पाच रुपये देऊन.

त्याचीच फजिती झाली. नवव्या भागात गार्गीच्या सासूच्या, स्नेहलताबाईंच्या, फ्लॅटातला गॅस संपतो, तर मी गार्गीले गच्चीवरून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणायले लावल्या, चूल पेटवली, आणि सासूले कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. माझ्या डोळ्यापुढं स्वयंपाक म्हटला की तेवढाच. एका बाईनं खाली लिहिलं, 'लेखिकाबाई, चौथ्या मजल्यावर पऱ्हाट्या कोण आणून देतं? पत्ता द्या, आम्हालाही हव्यात.' तिच्याखाली दोनशे जण हसले. मी एकेक हसरं तोंड मोजलं, ताई. भट्टीपाशी उभा होतो, पण कान भट्टीनं गरम झाले नव्हते.

सगळं काढून टाकलं. पऱ्हाट्या काढल्या, भाकर काढली, ठेचा काढला. वरणभात टाकला, तुपाची धार टाकली. तर दुसरा एक जण लिहितो, 'पहिले भाग जिवंत होते, आता सगळ्यांसारखंच झालं.' पुन्हा ठेचा टाकला. नववा भाग मी अकरा वेळा बदलला. शाळेत निबंध कधी दुसऱ्यांदा लिहिला नाही, तूच गुरुजींसमोर माझ्यासाठी माफी मागायची.

मग तुले पाठवला, 'पाह्य ताई, पुण्याच्या कोण्या बाईनं पुढचं लिहिलं, मायले वाचून दाखव.' मीच लिहिलं हे काऊन सांगितलं नाही? तू चुका शोधत वाचलं असतं. मंजुश्रीच्या नावानं तू गोष्ट शोधत वाचली.

आषाढात वर्षावास लागला. तू रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायची, आणि ते झालं की बायका बाहेर ओट्यावर बसायच्या अन् तू दहा मिनिटं मंजुश्री वाचायची. गोजरआजी म्हणे वंदना संपता संपता उठून पुढची जागा धरायची. माय फोनवर हे सांगायची आणि मी इथं बॉक्सले पट्टी आवळत ऐकायचो. वाटायचं, आत माझा सत्कार चालू आहे आणि मी बाहेरून खिडकीतून पाहून राह्यलो.

राह्यला एक्केचाळिसावा भाग. तो मी बदलला, हे खरं. पण वाचकांनी बदलायले लावला. गार्गीनं घर मोडू नये असं त्यांचं म्हणणं पडलं. मी त्यात तुझं नाव घातलं नाही, अकोल्याचं नाव घातलं नाही. तुझी नर्सिंगची जागा हातची गेली, त्याचं मलेही वाईट वाटते. पण गोष्ट वाचून कोणी आपली जागा सोडते का?

एवढंच सांगायचं होतं. मायले म्हण मी बरा आहे.

देवा

मोरबी, २८ सप्टेंबर

ताई, मागच्या पत्राचा शेवटचा कागद फाडून टाक. खोटा आहे.

वाचकांनी काही सांगितलं नव्हतं. एकाच वाचकानं सांगितलं होतं आणि तिनं उलट सांगितलं होतं. ती तू.

बारा ऑगस्टले तू मंजुश्रीले पहिल्यांदा लिहिलं. 'आदरणीय मंजुश्रीताई.' मले आजवर आदरणीय कोणी म्हटलं नाही, ताई तर कोणीच नाही. वरती तुझं नाव पाहिलं तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. मी लिहिलंही, बोटानं, एकेक अक्षर दाबून, 'ताई मी देवा.' मग पुसलं. आणि उत्तर काय दिलं? 'प्रिय समता, तुझं पत्र वाचून फार आनंद झाला.' ती पुण्याची भाषा इतकी सफाईनं आली की माझी मलेच भीती वाटली.

मग तू लिहीत गेली. बाबा गेल्यावर कॉलेज सोडलं तेव्हा तू पुस्तकं रद्दीत दिली नाहीस, तुझ्या मैत्रिणीच्या, सारिकाच्या घरी माळ्यावर ठेवली, हे मले माहीत नव्हतं. सहा वर्षं घरात येत-जात राहूनही ती पुस्तकं कुठं गेली, हे मी कधी विचारलं नाही. एकोणतिसाव्या वर्षी अकोल्याले नर्सिंगले नंबर लागला, पाच सप्टेंबरपर्यंत हजर व्हायचं, पण मायले एकटं कसं टाकावं, हेही तू तिलेच लिहिलं. आणि माझ्याबद्दल लिहिलं. ते मले पाठ आहे. 'एक भाऊ आहे, परराज्यात कामाला. मनाचा चांगला आहे, पण त्याच्याशी बोलता येत नाही. त्याला वाचनाचं काही नाही. तुमच्यासारखं कोणी घरात असतं तर!'

एका गालावरून हात फिरवावा आणि दुसऱ्यावर ठेवून द्यावी, तसं झालं. कोणता गाल धरू ते कळेना.

एकोणतीस ऑगस्टले मी एक्केचाळिसावा भाग टाकला. पहिला, खरा. गार्गी कडी काढते आणि जाते. सूटकेस घेत नाही. फक्त प्लास्टिकच्या पिशवीत तिची सर्टिफिकिटं. चार मजले उतरते, प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी स्वयंपाकाचा वास येते, आणि कोणत्याच वासाले ती थांबत नाही. ताई, तो भाग मी एकदाही बदलला नव्हता. तो आला तसा आला होता. अर्ध्या तासात तुझा निरोप, 'मंजुश्रीताई, ठरलं. तुमचा हा भाग मी वहीत उतरवून घेतला आहे. गार्गी गेली, मीही जाते.'

मी लाइनीवर होतो. वाचता वाचता पट्ट्यावर बॉक्स साचले, सुपरवायझर ओरडला. आधी मले आनंद झाला, हे खरं लिहितो, आधी आनंदच झाला. मग हिशोब सुरू झाला. ताई गेली म्हणजे माय एकटी. माय एकटी म्हणजे मी परत. परत म्हणजे तीच गल्ली, तोच पार, तेच लोक, "काय देवा, काय करून राह्यला आजकाल?" नांदुऱ्याच्या हॉटेलात मी सात महिने टिकलो, सुरतेले पाच, इथं आत्ताशी वर्ष होत आलं. मी कुठंही पळू शकलो, कारण तू कुठंच गेली नाही. हे मले त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि समजल्यावर मी काय केलं? दुसऱ्या दिवशी दुपारी डबा न उघडता ढिगामागं बसलो आणि गार्गीले परत आणलं.

सोपं नव्हतं ते. सासू आजारी पाडली, पटेना. तिच्या नवऱ्याले, आल्हादले रडवलं, तो तर मालिकेतही रडायचा. तू फसणार नाही हे मले माहीत होतं. तू फसशील अशी एकच गोष्ट मले माहीत होती, तीच मी घातली. बाबांच्या चपला.

माय रोज दिवे लागायच्या वेळेले त्या उंबऱ्याबाहेर मांडते, टोकं आत करून. रस्त्यानं जाणाऱ्याले वाटावं, घरात माणूस आहे. सहा वर्षं मांडते. तुले माहीत, मले माहीत, वस्तीत तिसऱ्या कोणाले माहीत नव्हतं. त्या मी उचलून स्नेहलताबाईंच्या दारात ठेवल्या. गार्गी कडी काढते, मेलेल्या सासऱ्याच्या चपला आत तोंड करून मांडलेल्या पाहते, आणि तिले कळते की आपण गेल्यावर या बाईजवळ एवढंच राहणार. ती कडी आतून लावते.

ॲप विचारते, 'बदल कायम करायचे?' मी हो दाबलं. ते दुसऱ्यांदा विचारत नाही.

ओट्यावर तू आदल्या दिवशीचा भाग वाचायची; त्या संध्याकाळी गार्गीचं जाणं वाचायले मोबाइल उघडला असशील, आणि आत हे निघालं. माय सांगत होती, तू मधेच थांबली, पाणी मागितलं, पण पूर्ण वाचलं. मग मंजुश्रीले विचारलं, 'काल वेगळं होतं ना, ताई?' मी लिहिलं, 'पुन्हा विचार केल्यावर हेच खरं वाटलं.' तू लिहिलं, 'आमच्या घरीही अशाच चपला असतात. तुम्ही कसं ओळखलं?' मी लिहिलं, 'सगळ्या आया सारख्याच असतात, समता.'

पाच तारीख गेली.

यापुढं आज लिहवत नाही.

देवा

मोरबी, ५ ऑक्टोबर

परवा मायचा फोन आला, गोजरआजीच्या मोबाइलवरून. तू विहारात होती. बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मायनंच सांगितलं, "तिले तू लिव. मले नाई सांगता येत."

"देवा, जेवला का?"

"हाव."

"खोटं नको बोलू. ताई माह्यासंगही बोलत नाई रे. भाकर देते, पाणी देते, बोलत नाई."

"तुह्यासंग काऊन? माही चूक हाय."

"म्या तवाच वळखलं व्हतं."

"काय?"

"थ्या चपला गोष्टीत आल्या ना, तवाच. पयल्याच दिवशी. म्या म्हनलं, हा माहा देवा व्हय. पुण्याच्या बाईले काय मालूम माहं भेव."

"मंग बोलली काऊन नाई, माय?"

मागं गोजरआजी कोणाले तरी हाकलत होती, कोंबडी असेल.

"जाऊन राह्यली व्हती ना बापू थे," माय म्हणाली. मग म्हणाली, "ठेवतो, गोजराबाईचं चार्जिंग सरलं."

तर असं आहे. तिच्यावर रागावू नको, ताई. तिची भीती होती. माझी नुसती सोय होती.

मी सापडलो कसा, तेही सांगून टाकतो. तुले वाटत असेल, चपलेच्या पट्टीनं सापडला. पट्टी आली कुठून? दहा सप्टेंबरले कोणीतरी लिहिलं, 'भाग चांगला, पण चपला डोळ्यांसमोर येत नाहीत.' तारीख निघून गेली होती, माझं काम झालं होतं, मी गप्प बसलो असतो तर आजही तू मंजुश्रीले आदरणीय म्हणत असती. पण मले राहवेना. डोळ्यांसमोर येत नाहीत म्हणजे काय? मी तिसऱ्यांदा तो भाग उघडला आणि लिहिलं, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, तो पिवळ्या प्लास्टिकच्या पट्टीनं जोडलेला, पट्टीची टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवलेली. जयंतीले आलो होतो तेव्हा मीच जोडला होता तो, आमच्या टाइल्सच्या बॉक्सची पट्टी नेऊन. पुण्याच्या फ्लॅटात ती पट्टी कशी जाईल, हा विचारच आला नाही. पऱ्हाट्यांवरून एवढं हसू झालं, तरी अक्कल आली नाही. त्या माणसाचं उत्तर आलं, 'आता दिसल्या.' दिवसभर मी खूश होतो. कचरूभाऊले चहा पाजला.

चारच दिवसांनी गोजरआजी आपल्या दारावरून चालली आणि बायकांसमोर ओरडली, "अवं बाई! ह्या तं स्नेहलताबाईच्या चपला! पिवळी पट्टी सुदा!" ती हसली, तिच्या मनात काही नव्हतं. पण तू मायले विचारलं, ही पट्टी कोणी लावली. माय म्हणाली, देवानं. आणि तुझा तो एक शब्द मले आला.

त्या दिवसापासून माय चपला बाहेर ठेवत नाही म्हणे. ठेवून उपयोग काय, सगळ्या वस्तीले समजलं त्यात पाय नाहीत. गार्गीची कडी लावता लावता मी आपल्या दाराची काढून टाकली.

आणखी एक राह्यलं. ऑगस्टमध्ये तू मले, म्हणजे देवाले, फोन करून पंधरा हजार मागितले होते. कशाले ते सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही, मले मंजुश्रीकडून माहीतच होतं. मी म्हणालो, पगार थकला. पगार सात तारखेलेच झाला होता. खात्यात पंधराच्या वर होते. तू मग बचतगटातून उचलायचं ठरवलं. आणि सप्टेंबरात त्याच पैशांतून मी साडेअकराचा नवा मोबाइल घेतला, कारण जुना बोललेलं नीट ऐकत नव्हता आणि मंजुश्रीचं अडत होतं.

पहिल्या पत्रात मी उगाच भांडलो. शब्द तू बरोबर निवडला होता.

देवा

मोरबी, १२ ऑक्टोबर

ताई, हे पत्र पोस्टानं नाही. कचरूभाऊ दिवाळीसाठी उद्याच निघतो, तो हातात देईल. तो दारात उभा असेल तेव्हा त्याले पाणी दे, त्याचा यात काही दोष नाही. त्याले अजूनही सगळं नीट कळलेलं नाही. मी त्याले सांगितलं, भाऊ, गार्गी गेली. तो म्हणाला, "गेली? बरं झालं. तिचंही भलं आन् तुहंही."

पहिलं काम. अकोल्याले मी फोन केला. तिथल्या बाईनं विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, भाऊ. मंजुश्री नाही, भाऊ. रिकाम्या जागांची फेरी आहे, दोन जागा आहेत, तुझं नाव अजून यादीत आहे. सतरा तारखेच्या आत कागद आणि पहिला हप्ता घेऊन स्वतः जायचं. माझ्यावर विश्वास ठेवू नको. मागच्या बाजूले त्यांचा नंबर आहे, तूच विचारून घे.

दुसरं. एक्केचाळिसावा भाग मी पहिल्यासारखा करायले गेलो. होत नाही. ॲपवर जुनं राहत नाही, एकदा हो दाबलं की गेलं. आठ दिवस बसलो, मोबाइलसमोर बोललो, पावत्यांवर हातानं लिहिलं. गार्गी पायऱ्या उतरते, पण तशी उतरत नाही. मी ढकलतो तेव्हा उतरते. तो भाग आता जगात एकाच ठिकाणी आहे, तुझ्या वहीत, ते पान तू फाडलं नसेल तर. मी मागत नाही. तो तुझाच आहे, तुझ्यासाठीच उतरली होती ती.

ॲपवर मी फक्त एवढं टाकलं, 'एक्केचाळिसावा भाग मी माझ्या सोयीसाठी खोटा केला होता. गार्गी गेली. मंजुश्री नावाची कोणी बाई नाही. मी देवानंद, वडनेर भोलजीचा.' शिव्या भरपूर पडल्या. फसवणूक म्हणाले, ते खरंच आहे. त्या पऱ्हाट्यांवाल्या बाईनं तेवढं लिहिलं, 'म्हणजे पऱ्हाट्या खऱ्या होत्या तर.' मग मोबाइल मी त्या ओडिया माणसाले विकून टाकला. आता माझ्याकडं बटणांचा आहे, त्यात नुसतं बोलता येते.

तिसरं मायसाठी. कचरूभाऊच्या पिशवीत पेपरात गुंडाळलेल्या चपला आहेत. माझ्या. नव्या घेतल्या होत्या, पण नव्या ठेवल्या असत्या तर गोजरआजीनं लांबूनच ओळखलं असतं. म्हणून आठ दिवस लाइनीवर वापरल्या. टाइल्सची पांढरी धूळ बसली आहे, टाच दबली आहे. धुवू नका. मायले म्हण, बाबांच्या आत ठेव, जपून ठेव. या बाहेर मांड, तशाच, टोकं आत करून. कोणी विचारलं तर म्हणा, देवाच्या आहेत. खोटं होणार नाही. अठराले सुट्टी लागते, काम सोडतो म्हणून मी हिशोब मागितला आहे, एकोणीसले पोहोचतो. नांदुऱ्याच्या जिनिंगवर कापसाच्या हंगामाले माणसं लागतात, कचरूभाऊचा साळा तिथं आहे, त्यानं हो म्हटलं. तिथं मी किती टिकेन ते मी सांगत नाही. माझ्या शपथा तू खूप ऐकल्या. चपला दिसतील तोवर मी आहे, एवढं धर.

तू गेल्यावर मी येईपर्यंत दोन-तीन रात्री गोजरआजी मायजवळ झोपेल. मी तिले फोन करून विचारलं. ती म्हणाली, "झोपीन, काऊन नाई? पण थे गार्गी खरंच गेली का, थे पयले सांग." मी म्हटलं, गेली आजी. ती म्हणाली, "मंग सासूपाशी कोण हाय?" मी म्हटलं, आहे कोणीतरी, येऊन राह्यला.

उत्तर लिहू नको. अकोल्याहून लिहायचं असेल तर मायले लिही, मी वाचून दाखवीन. अडखळत वाचीन, पण वाचीन.

आता शेवटचं. पैसे कचरूभाऊच्या बनियनच्या आतल्या खिशात आहेत, सेफ्टीपिन लावून. मोबाइलचे, बोनसचे आणि या महिन्याच्या पगारातले. तू ऑगस्टमध्ये मागितले होते तेवढेच आहेत. त्याच्यासमोर मोजून घे, संकोच करू नको. पंधरा हजार रुपये.